फ्रान्सच्या खेड्यात स्वस्तात घर घेताय? या चुका टाळा

चाळीस हजार युरोत दगडी घर, मागे बाग, बाजूला जुनं कोठार. क्रोझ, आलिए, ओत-मार्न या भागात अशा जाहिराती खरंच असतात, फसवणूक वगैरे नसते, आणि जर्मनी-नेदरलँडमध्ये नोकरी करणारे आपले बरेच लोक रात्री बसून त्या स्क्रोल करत असतात. घर स्वस्त का आहे हे मात्र कोणी विचारत नाही. गावं रिकामी होतायत हे एक कारण, पण दुसरं कारण घराच्या आत असतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सांडपाण्यात. खेड्यात बऱ्याच घरांना सार्वजनिक ड्रेनेज नसतं, सेप्टिक टँक असतो, आणि त्याची तपासणी स्पांक नावाचा सरकारी विभाग करतो. विकणाऱ्याने तीन वर्षांच्या आतला रिपोर्ट द्यायलाच लागतो. टँक नियमात बसत नसेल तर विक्रीनंतर एका वर्षात तो नीट करायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, आणि नवीन सिस्टिमला दहा हजार युरो सहज लागतात. म्हणजे चाळीसचं घर तिथेच पन्नासचं झालं! रिपोर्ट आधी मागा, भाव नंतर करा.

दुसरी फसगत होते ती विकणाऱ्याकडून मिळणाऱ्या तपासण्यांच्या जाडजूड फाइलमुळे. शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस, काही भागात वाळवी, जुनं वायरिंग, एनर्जी रेटिंग असं सगळं त्यात असतं म्हणून लोक निर्धास्त होतात, पण छप्पर गळतंय का, भिंत फुगलीय का, हे त्यात कोणीच बघत नाही. वर खासगी मालकाकडून घेताना करारात बहुतेकदा लिहिलेलं असतं की लपलेल्या दोषांना मालक जबाबदार नाही, मग त्याने मुद्दाम लपवलं हे तुम्हीच सिद्ध करत बसा. त्यामुळे ऑफर द्यायच्या आधी गावातल्या छपराच्या कारागिराला घेऊन जा, आणि शक्यतो पावसात जा.

एनर्जी रेटिंग ए ते जी असतं, ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट. भाड्याने देऊन खर्च काढू असा प्लॅन असेल तर जी वालं घर २०२५ पासून नव्या भाडेकरूला राहायला देताच येत नाही, २०२८ पासून एफचाही नंबर लागणार, आणि स्वस्त दगडी घरं बहुतेक याच दोन रेटिंगमध्ये सापडतात.

कोठाराचं घर करू म्हणणाऱ्यांनी आधी गावच्या मेअरच्या ऑफिसमधून लेखी घ्यावं की तिथे राहायची परवानगी मिळू शकते. एजंट म्हणतो ‘होऊन जाईल’. त्याचं काय जातं? सोबत शेतजमीन असेल तर साफेर या संस्थेला आधी खरेदीचा हक्क असतो, ती ठरलेला व्यवहार मध्येच स्वतःकडे घेऊ शकते.

आता पैसे. जुन्या घरावर नोटेअरची फी म्हणून सात-आठ टक्के धरा असं सगळे सांगतात (त्यातला मोठा भाग खरं तर सरकारी कर असतो), पण तीस हजाराच्या घरावर ती दहा टक्क्यांच्याही वर जाते कारण कागदपत्रांचा ठरलेला खर्च घर कितीचंही असलं तरी लागतोच. आणि हा नोटेअर तुमचा वकील नाही, तो सरकारने नेमलेला अधिकारी आहे आणि दोन्ही बाजूंसाठी एकच असू शकतो. स्वतःचा वेगळा घ्या, एकूण फी तेवढीच राहते, ते दोघं वाटून घेतात. प्राथमिक करारानंतर घेणाऱ्याला माघार घ्यायला दहा दिवस मिळतात, त्यानंतर मागे फिरलात तर अनामत म्हणून भरलेले पाच-दहा टक्के जाऊ शकतात. कर्ज मिळालं नाही तर सौदा रद्द, ही अट त्यात आहे का ते बघून घ्या, आणि फ्रेंच येत नसेल तर दुभाषा बसवा.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी एलआरएसची (परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापला जाईल तो रिटर्नमध्ये ऍडजस्ट होतो, पण ते घर रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायला विसरू नका. दंड दहा लाख रुपयांचा आहे. फ्रान्समध्येही घर-जमिनीचा कर लागतोच, आणि फक्त सुट्टीचं घर असेल तर राहण्याचा करही सुटत नाही, तो २०२३ पासून मुख्य घरापुरताच माफ झाला.

आणि हो, घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. भारतीय पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा असेल तर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, त्यापेक्षा जास्त राहायचं तर लाँग-स्टे व्हिसासाठी वेगळा अर्ज करायचा.