मक्याच्या लाइनी आणि मला सापडलेला ‘तिसरा गट’

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या ऐटीत गाईडसमोर लॅपटॉप उघडला. मक्याच्या ६४ इनब्रेड लाइनी (पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागानं वाढवलेले शुद्ध वंश), सॉफ्टवेअरनं डीएनएवरून पाडलेल्या गटांच्या तीन रंगांच्या पट्ट्या: लाल, निळा आणि मधोमध स्वच्छ हिरवा. “सर, तिसरा हेटेरोटिक गट मिळाला!” हेटेरोटिक गट म्हणजे अशा लाइनींचा गट, ज्यांचा समोरच्या गटाशी संकर केला की पिकाला जोम चढतो. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हिरव्यांची पेडिग्री, वंशावळ कुठंय?”

पेडिग्री नव्हती. रजिस्टरात ‘स्थानिक स्रोत’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि त्यावर मी प्रकरण लिहून मोकळी झाले होते.

उलगडा केला तो शेतावरच्या मामांनी. बियाण्याची पाकिटं चाळत ते म्हणाले, “मॅडम, या २१ लाइनी एकाच पिशवीतनं निघाल्यात की. बाजारातलं हायब्रीड आणून सेल्फिंग केलेलं, तुमच्या आधीच्या पोरांनी.” सेल्फिंग म्हणजे झाडाचा पराग त्याच्याच कणसावर टाकणं.

यात चोरी काही नाही. संशोधनासाठी संरक्षित वाण वापरायची मुभा २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानंच दिलेली आहे. पण ते लिहून ठेवायला नको?

आता नीट ऐका, कारण माझा अख्खा हंगाम इथं गेला. हायब्रीड म्हणजे एका गटातला एक पालक आणि समोरच्या गटातला दुसरा. त्याचं सहा-सात पिढ्या सेल्फिंग केलं की निघणाऱ्या प्रत्येक लाइनीत सरासरी निम्मं एकाचं, निम्मं दुसऱ्याचं. या लाइनी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. आता ६४ पैकी २१ बहिणीच असल्या तर सॉफ्टवेअर काय करणार? एकसारख्या अ‍ॅलील-वारंवारितेचा, म्हणजे जनुकांची तीच तीच रूपं असलेल्या लाइनींचा, मोठा गठ्ठा दिसला की ते त्याला स्वतंत्र रंग देतं. तो रंग म्हणजे नुसतं रक्ताचं नातं. संकरातून जोम मिळेल की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं.

जोमाचं उत्तर शेतात मिळालं. दोन गटांचे दोन टेस्टर (ज्यांच्याशी संकर करून जोम तपासायचा त्या ठरलेल्या लाइनी), दोन ठिकाणं. संध्याकाळी तुऱ्याला पिशवी बांधायची, सकाळी दव ओसरलं की कणसावरचा बटरपेपर काढून त्याच्या केसांवर पराग झटकायचा; मानेवर ते बारीक कूस चिकटायचं. एवढं करून हिरव्या लाइनी दोन्ही टेस्टरशी जेमतेम मधल्याच निघाल्या. निघणारच होत्या! लाल टेस्टर लावला की लाइनीतला लाल निम्मा भाग त्याचाच नातलग, निळा लावला की निळा. दोन्हीकडून अर्धा जोम वाया.

गट सापडत नसतात, घडवले जातात, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या आयोवात १९३० च्या दशकात मक्याचे पैदासकार स्प्रेग यांनी १६ लाइनी एकत्र करून जे सिंथेटिक (मिश्र वाण) बांधलं, त्याचं नावच ‘स्टिफ स्टॉक’, ताठ खोडाचं. ते बांधलं ते झाड लोळू नये म्हणून. त्यातून १९७२ मध्ये बी ७३ ही लाइन आली. समोर लँकेस्टर या जुन्या वाणाच्या बाजूला मो १७ ही लाइन होती. दोघींचा संकर जमला, आणि मग दशकानुदशकं पैदासकार प्रत्येक बाजू आपापल्या आतच सुधारत, समोरच्या बाजूशी ताडून पाहत गेले. दोन्हींमधली आजची रुंद दरी त्यातून आलीय. आपल्याकडच्या कित्येक संचांत ही शिस्त इतकी जुनी नाही, त्यामुळे गट धूसर दिसले तर घाबरू नका. तुमचं काम चुकलेलं असेलच असं नाही.

डेल्टा-केवर, म्हणजे गट किती (के) ते ठरवायच्या पद्धतीवर, मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. ती पद्धत ‘गटच नाही’ हे उत्तर देऊच शकत नाही. के १ साठी, म्हणजे सगळा एकच गट असेल तर, ते गणित मांडताच येत नाही. आणि बऱ्याचदा २ वर बोट ठेवून मोकळी होते. व्हिडिओ बघून आर या सॉफ्टवेअरमधला डेंड्रोग्राम, म्हणजे नात्यांचं झाडासारखं चित्र, वीस मिनिटांत निघतो. झाड सुंदर दिसतं, मान्य. पण कुठल्याही ६४ लाइनी दिल्या तरी झाड निघतंच!

आधी नातेसंबंधांचं मॅट्रिक्स, म्हणजे कुठली लाइन कुणाच्या किती जवळची त्याचा तक्ता, काढा. बहिणी दिसल्या की प्रत्येक कुटुंबातली एक-दोन ठेवा, बाकीच्या बाजूला काढा, गट पाडा, आणि मग बाजूला काढलेल्या त्या गटांत कुठं बसतात ते बघा. मी असं केलं तेव्हा हिरवा रंग गायब झाला आणि त्या २१ जणी अर्ध्या लाल, अर्ध्या निळ्या दिसायला लागल्या. रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण प्रबंध बुडाला नाही. एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सहा महिने गेले, इतकंच.

आणि गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजत बसू नका. ते पीक फुलोऱ्यात असताना शेतावर येतात का, एवढं विचारा. माझे यायचे, म्हणून वाचले.

त्या २१ मधली एक लाइन मात्र वाटणीत लालकडे झुकलेली निघाली, जवळपास दोन तृतीयांश. निळ्या टेस्टरशी तिचं उत्पन्न बाकी बहिणींपेक्षा ठळक जास्त आलं. मामांनी तिचं बी वेगळ्या डब्यात ठेवलंय. झाकणावर त्यांनी स्वतः मार्करनं कुठल्या हायब्रीडमधली, कुठल्या हंगामातली, किती पिढ्यांची ते सगळं लिहिलंय. ‘स्थानिक स्रोत’ लिहिलेलं जुनं पाकीटही आतच आहे, मीच टाकू दिलं नाही.