हात रंगाचे असतानाच लिहा : चित्रकाराने लेखन कसं करावं

चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळं बांधलेली लाकडी चौकट, हा विषय घेऊन मी चित्रांची एक मालिका केली. तिच्याबद्दल लिहायला बसलो तो प्रदर्शनाच्या आदल्या रात्री. कागदावर उतरलं ते असं : ‘माझी चित्रे निसर्ग आणि मानव यांच्यातील नात्याचा शोध घेतात.’ गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही चित्रकाराच्या नावाखाली हे वाक्य खपलं असतं. फाडलं, आणि कामाची वही उघडली.

तर पहिलं काम, ही वही. रोज ब्रश धुण्याआधी तीन ओळी : आज काय केलं, काय बिघडलं, उद्या काय बघायचं. आपल्याकडच्या पावसात कागद सर्दावतो, शाई फुटते, पेन्सिलच बरी. माझी एक नोंद, माटोळीला बांधतात त्या कवंडळ नावाच्या रानफळाची : ‘कवंडळाचा केशरी जमला नाही. पिवळ्यावर तांबडा पातळ दिला तरी फळ प्लॅस्टिकचं दिसतं. आईने खुंटीला ठेवलेलं आणून बघणे.’ सुंदर लिहायचा मोह इथे टाळा.

दुसरं, निवेदन, म्हणजे प्रदर्शनात चित्रांसोबत द्यायचा छोटा मजकूर. ते वहीतूनच काढा. माझं शेवटी असं झालं : ‘माटोळीचं कवंडळ विसर्जनानंतरही आमच्या खुंटीला राहतं. सुरकुततं, केशरीचं तपकिरी होतं. ही नऊ चित्रं त्या सुकण्याची.’ पुढे माध्यमाविषयी दोन ओळी. सगळं मिळून दीडशे शब्द पुष्कळ झाले. मग घरात मोठ्याने वाचा. आई ‘म्हणजे काय रे?’ म्हणाली की ते वाक्य गेलं. आपण घरात कोंकणी बोलतो, मराठीत लिहितो आणि गॅलरी मागते इंग्रजी. आधी मराठीत पक्कं करा, इंग्रजी नंतर. माटोळीचं भाषांतर करू नका. ती काय असते ते एका ओळीत सांगा.

लेखनाने चित्रकाराला हात दिल्याचा दाखला आपल्या गोव्याचाच आहे. साळगावला जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा लंडनमध्ये हलाखीत दिवस काढत होते. १९५५ साली त्यांचा आत्मकथनपर लेख ‘एन्काउंटर’ मासिकात आला, त्याच वर्षी गॅलरी वनमध्ये प्रदर्शन लागलं, आणि त्यांचं नाव झालं. सगळ्यांना तसं लिहिता येणार नाही, मलाही नाही.

तिसरं, प्रत्येक चित्रासोबतची चिठ्ठी. नाव, वर्ष, माध्यम, आकार. आकारात उंची आधी, रुंदी नंतर. मी एकदा उलटं लिहिलं आणि उभ्या चित्राला आडवी फ्रेम आली. तिच्यात आता घरचा आरसा आहे. चित्र कुणी, कधी, कितीला घेतलं तेही त्याच वहीत टिपा.

चौथं लेखन रुक्ष, पण पोटाशी निगडित. तयार चित्र विकलं तर त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. तो द्यायचा तर लेखी करार लागतो. मात्र एखाद्या हॉटेलवाल्याने पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राची गोष्ट उलटी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढून घेणारा. उद्या तेच चित्र त्याने कपांवर छापलं तर तुम्ही बघत राहाल. म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधी एक पत्र द्या : ‘चित्र आपले, कॉपीराइट माझ्याकडे, छापायचे असल्यास वेगळे मानधन.’ तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत वहीत चिकटवा.