घरी गाणं रेकॉर्ड करताना वरच्या सुरात आवाज फाटतोय? या चुका टाळा

पोवाडा किंवा चढ्या चालीचा अभंग घरी रेकॉर्ड करताना धृपद स्वच्छ येतं आणि अंतऱ्यात तार षड्ज लागला की आवाज फाटतो. मग कॉम्प्रेसर आणि लिमिटरचा, म्हणजे चढा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनांचा, शोध सुरू होतो. पण बिघाड बहुतेक वेळा त्यांच्या कितीतरी आधी झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना. ‘हॅलो, चेक’ म्हणून किंवा धृपद गुणगुणून लावलेला गेन गुणगुणण्यापुरताच बरोबर असतो. गाण्यातली सर्वांत चढी ओळ आधी पूर्ण ताकदीनं गाऊन घ्या आणि तिथंही मीटर उणे 10 ते उणे 12 डेसिबलच्या वर जाणार नाही इतकाच गेन ठेवा. टेक सुरू झाला की गायक तालमीपेक्षा जोरात गातो, पोवाड्यात तर हमखास. वरची जागा त्या जोशासाठी मोकळी हवी. आवाज बारीक रेकॉर्ड झाला तर खरखर येईल, ही भीती 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये बाळगण्याचं कारण नाही. नंतर खुशाल वाढवा. घरात खरी खरखर पंख्याची असते, तो बंद करा.

फाटलेला आवाज फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढून सुधारत नाही. शून्य डेसिबलला, म्हणजे मीटरच्या वरच्या टोकाला, लाटेचा माथा इंटरफेसमध्येच (माईक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातच) कापला जातो. सॉफ्टवेअरमधला फेडर आणि लिमिटर त्यानंतर येतात. मीटर खाली असूनही आवाज फाटका वाटला, तर आधी हेडफोनचा आवाज कमी करून ऐका. कधीकधी फक्त हेडफोनच फाटत असतो. तरीही फरक पडला नाही, तर माईकवर पॅडचं (माईकची पातळी कमी करणारं) बटन असेल तर ते दाबा किंवा माईकपासून मागे सरका.

माईकपासूनच्या अंतराकडे फार कमी जण लक्ष देतात, आणि मला तोच सगळ्यात गुणकारी उपाय वाटतो. ओठ माईकपासून 5 सेंटिमीटरवर असताना मान आणखी 5 सेंटिमीटर मागे गेली, तर पातळी साधारण 6 डेसिबलनं पडते. वीतभर अंतरावरून तेवढीच मान हलली, तर फरक जेमतेम 2 डेसिबलचा. म्हणून वीतभर लांब उभं राहा आणि चढ्या जागेला मान किंचित तिरकी करा. खोली घुमत असेल तर गायकाच्या पाठीमागे जाड रजई टांगा. भ, फ, प या अक्षरांच्या फुंकरीनंही मीटर उसळतं. त्याला पॉप फिल्टर, म्हणजे माईकसमोरची जाळी, पुरतो.

हेडफोनमध्ये साथसंगतीचा ट्रॅक मोठा आणि स्वतःचा आवाज बारीक असेल, तर गायक नकळत ओरडतो. ट्रॅक कमी करा.

कॉम्प्रेसर वापराच, पण शेवटी. आधी उसळलेले शब्द हातानं 3-4 डेसिबल खाली घ्या, मग 3:1 प्रमाण लावा. कॉम्प्रेसरला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर 6 डेसिबल गेलेला सूर मग 2 डेसिबलच वर राहील. फार आवळलंत तर श्वास आणि खोलीचा घुमारा पुढे येतो.

एखादी ओळ फाटलीच, तर ती त्याच बैठकीत, माईक हलवण्याआधी पुन्हा गाऊन घ्या. दुसऱ्या दिवशी गळ्याचा पोतही जुळत नाही आणि माईकचं अंतरही.