नवीन रिलीजचे कागद आधीच कसे लावून ठेवायचे

डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या मागच्या चार रिलीजच्या, म्हणजे नवीन आवृत्त्यांच्या, तारखा पाहा. बस्टर ६ जुलै २०१९, बुल्सआय १४ ऑगस्ट २०२१, बुकवर्म १० जून २०२३ अन् ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५. चारही वेळा इकडे खरीप चालू. पेरणी, मंग डवरणी, निंदण, फवारणी, आणि आमच्या दारव्हा-दिग्रसकडे शाळांचे अन् वाचनालयांचे कॉम्प्युटर लिनक्सवर सांभाळणारे आम्ही जे पाच-सहा जण आहोत त्यातले निम्मे तेव्हा वावरात असतात. म्हणून रिलीज आल्यावर कागद, म्हणजे काय बदललं अन् अपग्रेड कसं करायचं ते मराठीत सांगणारी पानं, लिहू असं ठरवलं की ते दिवाळीनंतरच होतात, अन् तोवर कोणीतरी अपग्रेड करून मोकळा झालेला असतो. हे दोनदा भोगल्यावर जी पद्धत बसवली ती लिहून राहिलो. तुमचं डेबियन असो, उबंटू असो, सीडॅकचं बॉस लिनक्स असो नाहीतर कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) असो, चालेल.

पहिलं भोगणं बुल्सआयचं. बस्टरपर्यंत सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेज कुठून आणायचे ते लिहिलेली फाइल) सिक्युरिटीच्या ओळीत रिलीजचं नाव, मंग स्लॅश, मंग अपडेट्स असं असायचं. बुल्सआयपासून ते नाव, डॅश, सिक्युरिटी असं झालं. आता सगळे काय करतात, जुनं नाव काढून नवीन टाकतात अन् बाकी ओळ तशीच ठेवतात. तसं केलं की सिक्युरिटीची ओळ कुठंच पोचत नाही, एक एरर येते, पण बाकी अपग्रेड पुढं जातं म्हणून माणसाला वाटतं झालं काम. आमच्या मराठी कागदात ही गोष्ट होती, पण पाचव्या पानावर, "इतर बदल" या नावाखाली. पहिली चार पानं आम्ही डेस्कटॉप कसा छान दिसतो यात घालवली होती. एका शाळेतल्या सरांनी पहिलं पान वाचून काम सुरू केलं आणि चार महिने त्या लॅबच्या अकरा मशीनवर एकही सिक्युरिटी अपडेट आलं नाही. सरांना काय बोल लावणार, कागद आम्हीच उलटा लावला होता. (बुकवर्ममध्ये परत याच फाइलनं घोळ केला, फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, नॉन-फ्री मधून निघून नॉन-फ्री-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या भागात गेलं, तो शब्द ओळीत जोडला नाही तर वायफायच्या फर्मवेअरचे पुढचे अपडेट येतच नाहीत.)

तेव्हापासून आम्ही कागद प्रोग्रामच्या नावानं लावत नाही, वाचणारा कोणत्या वेळी वाचतो त्यानुसार लावतो. मशीनला हात लावायच्या आधी वाचायचं, हात लावल्यावर शेजारी उघडं ठेवायचं, अडकल्यावर शोधायचं, अन् सगळं झाल्यावर निवांत चहा घेत वाचायचं, असे चार गठ्ठे. नवीन काय आलं, आयकॉन बदलले, लिब्रेऑफिस कितवं आहे, हे सगळं शेवटच्या गठ्ठ्यात. मोठे प्रोजेक्ट आपापल्या सोयीनं लावतात. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये नवीन गोष्टी, इन्स्टॉलर, जुन्यावरून अपग्रेड, आणि सावध राहायच्या गोष्टी अशी प्रकरणं असतात. फ्रीबीएसडी (दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीम) तर रिलीज नोट्स, हार्डवेअर नोट्स, इन्स्टॉलेशन अन् एराटा (रिलीजनंतर सापडलेल्या चुकांची यादी) असे वेगळे कागदच काढतं. ते सगळं वाचा, पण क्रम तुमच्या वाचकाचा ठेवा. आणि चेंजलॉग यात घालू नका. कोणत्या पॅकेजमध्ये कोणत्या तारखेला काय बदललं याची ती वही आहे, ती आपल्याला लागते, शाळेतल्या मॅडमला लागत नाही.

आता माल गोळा कसा करायचा, कारण खरं काम तिथंच आहे. फ्रीबीएसडीवाल्यांची एक सवय मला फार आवडते. कोणी कोडमध्ये बदल टाकतो तेव्हा कमिट मेसेजच्या, म्हणजे बदलासोबतच्या टिपेच्या, साच्यात रिलनोट्स नावाची एक ओळ असते, बदल लोकांना सांगण्यासारखा असेल तर तिथं यस लिहायचं, बस. म्हणजे ज्याला त्या बदलाचं सगळं माहीत आहे तोच माणूस, त्याच दिवशी, खूण करून ठेवतो. शिवाय त्यांच्या सोर्समध्ये अपडेटिंग नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, वर तारीख, खाली काय बदललं अन् तुम्हाला काय करावं लागेल, सगळ्यात नवीन नोंद सगळ्यात वर. आम्ही याची नक्कल केली. गिटमध्ये (फाइलींचे बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम) एकच फाइल, नाव "बदल", आणि कोणालाही काही दिसलं की त्यानं तिथं चार गोष्टी टाकायच्या, कोणाला लागू, काय झालं, काय करायचं, कुठं वाचलं. भाषा वाकडी असली तरी चालते, सुधारणारा नंतर सुधारतो, पण नोंद त्याच दिवशी पाहिजे. दोन महिन्यानं आठवून लिहिलेल्या नोंदीत "काय करायचं" हे नेमकं सुटतं.

आणि वेळ कोणता, तर फ्रीझचा, म्हणजे रिलीजच्या आधी नवीन बदल थांबवत नेतात तो काळ. ट्रिक्सीचा पहिला फ्रीझ १५ मार्च २०२५ ला लागला अन् हार्ड फ्रीझ १५ मे ला. हार्ड फ्रीझनंतर मोठं काही आत येत नाही, म्हणजे जे लिहाल ते बहुतेक टिकतं. इकडे मार्चपर्यंत तूर निघालेली असते, कापूस बहुतेकांच्या घरातून गेलेला असतो, आणि मे महिन्यात दुपारी बाहेर कोण निघतं. तेव्हाच कूलरसमोर बसून कागद पूर्ण करायचे. रिलीजच्या दिवशी फक्त तारीख टाकणं अन् शेवटची तपासणी राहिली पाहिजे.

एक नोंद कशी लिहायची ते दाखवतो. आमच्या फाइलमध्ये एकानं आधी असं टाकलं होतं, "ट्रिक्सीमध्ये आय३८६ आर्किटेक्चरचा सपोर्ट कमी करण्यात आला आहे." वाक्य खरं आहे, पण ज्या ताईंच्या वाचनालयात जुनी मशीन आहे त्यांना यातून काय कळणार? कागदावर शेवटी हे गेलं:

"तुमची मशीन जुनी असेल तर आधी हे करा. टर्मिनल उघडा आणि खाली छापलेली पहिली कमांड टाका. उत्तर आय३८६ आलं तर तुमचं डेबियन ३२ बिटचं आहे आणि ट्रिक्सीवर अपग्रेड करायचं नाही, कारण ट्रिक्सीत ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नलही नाही अन् इन्स्टॉलरही नाही. आता दुसरी कमांड टाका. त्यात सीपीयूच्या ओळीत ६४ बिट दिसलं तर मशीन ६४ बिट चालवू शकते, फाइली पेनड्राइव्हवर काढून घ्या अन् ६४ बिटचं नव्यानं टाका. नसेल दिसत तर बुकवर्मवरच थांबा आणि आम्हाला फोन करा."

पहिली कमांड म्हणजे डीपीकेजीला (पॅकेज बसवणारा डेबियनचा प्रोग्राम) आर्किटेक्चर, म्हणजे सिस्टीम कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी आहे ते, विचारणारी, दुसरी एलएससीपीयू, प्रोसेसरची माहिती दाखवणारी. यात "दुसरी कमांड" हा भाग फार कामाचा ठरला. शाळांना मिळालेल्या कित्येक मशीन कोर टू ड्युओच्या, तो प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण रॅम एक-दोन जीबी म्हणून कोणीतरी तेव्हा ३२ बिटचं टाकून दिलं होतं. त्या सगळ्या वाचल्या. ॲटम एन२७० वाले छोटे लॅपटॉप मात्र खरंच ३२ बिटचेच, त्यांना बुकवर्मवर ठेवलं. डेबियन एका रिलीजला साधारण तीन वर्षं पूर्ण आधार देतं अन् त्यावर दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेला आधार, पण एलटीएसमध्ये सगळी आर्किटेक्चर असतीलच असं नाही, म्हणून अशा मशीनच्या नोंदीखाली "दर वर्षी परत तपासा" असं लिहा.

ट्रिक्सीतली दुसरी अशीच, टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आता आपोआप रॅममध्ये जातं, जास्तीत जास्त अर्ध्या रॅमएवढं. आठ जीबीवाल्याला फरक पडत नाही. दोन जीबीच्या मशीनवर मोठमोठे सातबारे-फेरफार स्कॅन करणाऱ्याला पडतो, त्याच्यासाठी नोंद पहिल्या गठ्ठ्यात अन् जुन्यासारखं कसं करायचं ते तिथंच खाली. आणि एक ओळ प्रत्येक रिलीजच्या कागदात सगळ्यात वर ठळक अक्षरात पाहिजेच, की मधलं व्हर्जन ओलांडून उडी मारता येत नाही, बुल्सआयवरून आधी बुकवर्म, मंगच ट्रिक्सी.

दुसऱ्या गठ्ठ्याबद्दल, म्हणजे हात लावल्यावर शेजारी ठेवायचा कागद, इकडच्या लोकांनी एक गोष्ट स्वतःहून जोडली पाहिजे कारण ती बाहेरच्या कागदात कोणी एवढी ठासून लिहीत नाही. लाइन जाते. म्हणून आमच्या कागदात डाउनलोड अन् इन्स्टॉल हे दोन वेगळे दिवस आहेत. एपीटीला, म्हणजे पॅकेज आणून बसवणाऱ्या प्रोग्रामला, फक्त डाउनलोड कर असं सांगता येतं, ते रात्री नेट बरं चालतं तेव्हा करून घ्यायचं, आणि बसवायचं काम लाइन असताना, यूपीएस चार्ज असताना, सकाळी. डेबियन स्वतः सांगतं की अपग्रेड करताना स्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामनं सगळं स्क्रीनवरचं रेकॉर्ड करून ठेवा, ते आम्ही सक्तीचं केलं आहे, कारण फोनवर "काहीतरी लाल अक्षरात आलं होतं सर" याच्यावरून आम्ही काही सांगू शकत नाही. आणि मधेच प्रश्न येतो, कॉन्फिगची (सेटिंगची) जुनी फाइल ठेवायची की नवीन घ्यायची, तिथं लोक हमखास थांबतात. त्या प्रश्नाचा फोटो छापा अन् खाली लिहा, माहीत नसेल तर जुनी ठेवा, म्हणजे एन.

अडकल्यावरचा गठ्ठा कागदावरच छापून लॅबच्या भिंतीला चिकटवा. मशीनच बंद असेल तर मशीनमधली पीडीएफ काय कामाची. लाइन गेली अन् अपग्रेड अर्धवट राहिलं तर काय, डीपीकेजीला उरलेलं कॉन्फिगर करायला सांगायचं, मंग एपीटीला तुटलेलं जोडायला सांगायचं, मंग अपग्रेड परत तिथूनच. तीन कमांड, मोठ्या अक्षरात, इंग्रजीत जशाच्या तशा. कमांडचं भाषांतर किंवा लिप्यंतर कधीच करू नका. मेनूचं नावसुद्धा स्क्रीनवर जसं दिसतं तसंच, डेस्कटॉप मराठीत लावला असेल तर मराठी, नाहीतर इंग्रजी.

रिलीज झाल्यावर चुका सापडतात, सापडणारच. तेव्हा मूळ कागदात गुपचूप दुरुस्ती करू नका, कारण छापलेला जुना कागद कोणाच्या तरी भिंतीवर आहे. ओपनबीएसडी (आणखी एक ऑपरेटिंग सिस्टीम) वर्षातून दोनदा रिलीज काढतं आणि प्रत्येकाची एराटा वेगळी, ००१, ००२ असे नंबर, तारीख, सिक्युरिटीचं आहे की रिलायबिलिटीचं, आणि कोणत्या आर्किटेक्चरला लागू. एवढ्या चार गोष्टी आपल्यालाही पुरतात. फोनवर "तीन नंबरचं केलं का दादा" एवढं विचारलं की काम होतं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी रिलीजचं नाव, कागदाची तारीख, कितवी आवृत्ती. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, लेबल अन् पावती आपण कापणीपर्यंत जपून ठेवतो, उगवलं नाही तर लॉट नंबर सांगावा लागतो म्हणून, तसंच हे पानाच्या तळाचं.

फाइली ठेवायचं थोडक्यात. प्रत्येक रिलीजची गिटमध्ये वेगळी ब्रँच, नाव अन् नंबर मजकुरात हातानं कुठंही टाइप करायचं नाही, एका ठिकाणी ठरवून तिथूनच सगळीकडे यावं. उबंटूचा नंबर वर्ष अन् महिन्यावरून पडतो, २००६ मध्ये एप्रिलची रिलीज जूनला गेली अन् ६.०४ चं ६.०६ झालं. शंभर जागी हातानं लिहिलेलं असेल तर अशा वेळी चार जागा हमखास राहतात. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं कॉपी केली की तुटतात, शोधलं तर सापडत नाहीत, म्हणून वाचायला एकच एचटीएमएल फाइल अन् छापायला पीडीएफ असं दोन्ही द्या. भाषांतर करताना मूळ इंग्रजी वाक्य बदललं की पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्य अन् भाषांतर जोडीनं ठेवणारी फाइल) ते फझी होतं, म्हणजे परत तपासायचं अशी खूण पडते, फझी राहिलेलं छापू नका, त्यापेक्षा इंग्रजी बरं. आणि मूळ रिलीज नोट्समध्येच काही सुटलेलं दिसलं तर डेबियनमध्ये रिलीज-नोट्स याच नावानं बग टाकता येतो, साध्या ईमेलनं. टाका, तिकडे लोक वाचतात.

मे महिना संपायच्या आत एक काम उरतं. कागद अशा माणसाच्या हाती द्यायचा ज्यानं तो लिहिलेला नाही, आणि आपण मागं बसायचं, तोंड उघडायचं नाही. आम्ही वाचनालयातल्या ताईंना दिला. त्या "वरची कमांड परत चालवा" या ओळीवर थांबल्या, कारण पान उलटल्यावर वर काहीच नव्हतं. मी सांगायला निघालो, मित्रानं हात धरला. ताईंनी मागचं पान काढलं, तिथं तीन कमांड होत्या, त्यांनी पहिली चालवली. पाहिजे होती तिसरी. त्या दिवशी अशा नऊ जागा निघाल्या, पेन्सिलनं खुणा केल्या, अन् तेव्हापासून आमच्या कागदात "वरची", "आधीची", "तीच" हे शब्द नाहीत, जिथं लागेल तिथं कमांड पूर्ण परत छापतो. पानं वाढतात, वाढू द्या.

एराटाची जबाबदारी ज्याचं वावर नाही त्याला द्या. आमच्यात एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान असलेला एक भाऊ आहे, जून ते ऑक्टोबर फोन त्याच्याकडे, वही त्याच्याकडे, आणि नवीन नंबर पडला की छापून जाणाऱ्या बसनं पाठवायचं कामही त्याच्याकडेच.