सासर एका राज्यात, तक्रार दुसऱ्या राज्यात: पोलीस ठाण्यात जाण्याआधीची तयारी

छळ सोसून दुसऱ्या राज्यातल्या माहेरी आलात की ठाणे अंमलदार बहुधा पहिल्यांदा हेच म्हणतो, ‘घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही.’ सगळी तयारी या वाक्याला उत्तर देण्यासाठी करायची.

आधी दवाखाना. वळ पुसट व्हायच्या आत सरकारी रुग्णालयात तपासून घ्या आणि कोणी मारलं ते केसपेपरवर लिहायला लावा. ‘पडले’ म्हणून लाजेकाजेस्तव सांगितलेलं पुढे उलटतपासणीत नडतं.

मग वही घेऊन तारीखवार लिहा. बहुतेक जणी सासर सोडल्याच्या दिवसापाशी थांबतात. तुम्ही पुढचंही लिहा: इथे आल्यावर फोनवर आलेल्या धमक्या, उडालेली झोप, सुरू झालेले उपचार. रूपाली देवी खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की छळाचे मानसिक परिणाम आसऱ्याच्या जागीही भोगावे लागतात, म्हणून गुन्हा तिथेही नोंदवता येतो. जबाबात हे आलंच नाही, तर निकालाचा आधार घ्यायचा कशावर?

झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवून घ्यायची फिर्याद, सगळ्यांना माहीत असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ नुसार ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. पण नंतर कागद सासरच्या ठाण्यात जातात आणि हेलपाटे तुमच्या वाट्याला येतात. म्हणून आधी इथेच तपासाचा आग्रह धरा. झिरो हा दुसरा पर्याय. एनसीवर, म्हणजे पोलीस आपणहून तपास करत नाहीत अशा अदखलपात्र नोंदीवर, मात्र बोळवण होऊ देऊ नका. नकारच मिळाला, तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपा.

मेसेज, रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच राहू द्या. लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या, नाहीतर लग्नातले फोटो, एका पिशवीत ठेवा. राहिलेलं आणायला एकट्या परत जाऊ नका.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा, म्हणजे २००५ च्या कायद्याचा, अर्ज वेगळा. कलम २७ प्रमाणे तात्पुरता मुक्काम असलेल्या ठिकाणीही तो चालतो. मुक्कामाचा एखादा पुरावा जोडा. या अर्जावर न्यायालय देतं तो संरक्षण आदेश, म्हणजे पुन्हा छळ करायला मनाई, देशभर लागू असतो. तो मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची एक प्रत कायम पर्समध्ये, एक मुलांच्या शाळेत.