स्पॅनिश जर्नलला लेख पाठवताय? आधी परवानगीचं पत्र लिहा

सगळ्यात आधी परवानगी. लेखात ज्या कवीच्या ओळी उतरवल्यात, त्यांचे हक्क आज कुणाकडे आहेत ते शोधा आणि त्यांना पत्र टाका. लेख पुरा व्हायच्या आधी, जर्नल ठरायच्याही आधी. बाकीची यादी उद्या वाचलीत तरी चालेल.

माझं काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढी का मागे लागले आहे ते कळेल. माझा लेख मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांच्या घारापुरीवरच्या कवितेबद्दल होता. पाझ 1962 पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. 2 ऑक्टोबर 1968 ला मेक्सिको शहरात त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडलं. देश सोडण्याआधी मुंबईत असताना एका रविवारी ते घारापुरीला गेले, त्याची ही कविता. छोटीशी, दोन भागांची. पहिल्या भागात शिल्पांच्या पायथ्याशी पडलेला कचरा बघून झालेला संताप, दुसऱ्यात शिवपार्वतीला घातलेली साद. लहानपणी गेटवेवरून लाँचने जाऊन मी तीच लेणी पाहिली आहेत, तोच कचरा पाहिला आहे. म्हणून अख्खी कविता स्पॅनिशमध्ये दिली आणि शेवटी परिशिष्टात माझा मराठी अनुवाद जोडला. माझा सगळा मुद्दा शाप आणि आवाहन या जोडीवर उभा होता, आणि तो मराठीत जितका स्वच्छ दिसतो तितका इंग्रजीत दिसत नाही.

परीक्षकांना लेख आवडला. स्वीकारलाही. मग जुळणीला गेलेली फाइल परत आली. अकराव्या पानावर, कवितेच्या शेजारी, समासात एकच शब्द होता: पेर्मिसो? परवानगी? मुदत तीन आठवडे. मी त्याच दिवशी पत्रं पाठवली. तीन आठवड्यांत कुणाचंही उत्तर आलं नाही. लेख त्या अंकातून गेला, पुढच्या वर्षी छापून आला तो सहा ओळींच्या उद्धरणासह. परिशिष्ट गेलं. ज्या पुराव्यासाठी लेख लिहिला तोच त्यात नाही. आजही मला तो लेख उघडवत नाही.

तेव्हा नीट ऐका. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करायची मुभा बहुतेक देशांच्या कायद्यात आहे. स्पेनमध्ये तिला ‘देरेचो दे सिता’ म्हणतात, उद्धरणाचा हक्क. पण दहा-वीस ओळींची कविता पूर्ण दिलीत की ती एक संपूर्ण कलाकृती होते, मग ती कितीही छोटी असो, आणि तिथे ही मुभा धरून चालू नका. अनुवादाचा हक्क तर वेगळाच. अनुवाद माझा आहे, मग परवानगी कशाला, असं मलाही वाटलं होतं. चूक. मूळ कवितेचे हक्क शाबूत असताना तिचा अनुवाद छापायलाही मालकाची संमती लागते. अप्रकाशित पत्रांचंही तेच. कागद ज्या संग्रहालयात आहे त्याची परवानगी मिळाली म्हणून काम संपत नाही, कारण मजकुराचे हक्क पत्र लिहिणाऱ्याचे, त्याच्या मागे त्याच्या वारसांचे.

हे हक्क किती वर्षं टिकतात, ते देशागणिक बदलतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. मेक्सिकोत 100. पाझ 1998 मध्ये वारले, म्हणजे तिथे ते हक्क आपल्या हयातीत संपत नाहीत. स्पेनमध्ये 7 डिसेंबर 1987 च्या आधी वारलेल्यांसाठी 80 वर्षं, म्हणून 1936 मध्ये मारला गेलेला कवी लोर्का तिथे 2017 पासून खुला आहे, म्हणजे परवानगी लागत नाही, आणि 1939 मध्ये वारलेला कवी आंतोनिओ माचादो 2020 पासून. चिलीचा कवी नेरुदा 1973 मध्ये गेला. तो अजून खुला नाही. आणि लोर्का खुला असला तरी त्याच्या एखाद्या नव्या चिकित्सक आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा खुल्या नसतात.

पत्रात हे सगळं लिहा: कवितेचं नाव, कितव्यापासून कितव्या ओळीपर्यंत, कुठल्या आवृत्तीतून, जर्नलचं नाव, छापील आणि ऑनलाइन दोन्ही, सर्व देशांसाठी, मानधन नाही, अभ्यासाचं काम आहे, अनुवाद देणार असाल तर कुठल्या भाषेत. श्रेयाची ओळ कशी छापायची ते विचारा. शुल्क सांगितलं तर अभ्यासकांसाठी माफी आहे का, तेही विचारा. आधी प्रकाशकाला लिहा, तो एजन्सीचं नाव सांगतो. बार्सिलोनातली कार्मेन बाल्सेल्स यांची एजन्सी स्पॅनिशमधल्या कितीतरी मोठ्या लेखकांचं काम बघते. उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला, असं समजू नका.

आता बाकीचं. शब्दमर्यादा पाळा. सारांश स्पॅनिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा.

जर्नल निवडताना नावात फसू नका. ‘बुलेटिन ऑफ हिस्पॅनिक स्टडीज’ लिव्हरपूलचं आणि ‘बुलेटिन ऑफ स्पॅनिश स्टडीज’ ग्लासगोचं. दोन्ही आपलं मूळ 1923 मध्ये लिव्हरपूलला ई. ॲलिसन पीअर्स यांनी काढलेल्या एकाच नियतकालिकात सांगतात, पण आज संपादक वेगळे, नियम वेगळे. एकाच्या नावाने लिहिलेलं पत्र दुसऱ्याला गेलं तर पहिल्याच ओळीत तुमची किंमत ठरते. पिट्सबर्गचं ‘रेविस्ता इबेरोअमेरिकाना’ लॅटिन अमेरिकेचं साहित्य बघतं, तिथे स्पेनच्या सेर्व्हांतेसवरचा, म्हणजे ‘डॉन किहोते’च्या लेखकावरचा लेख पाठवू नका; त्याच्यासाठी माद्रिदचं ‘आनालेस सेर्व्हांतिनोस’ आहे. मेक्सिकोच्या ‘नुएव्हा रेविस्ता दे फिलोलोहिया इस्पानिका’चे अंक घरबसल्या फुकट वाचता येतात. निदान दोन वर्षांचे वाचा. आपला विषय तिथे कुणी काढलाय का, काढला असेल तर आपण त्याच्याशी बोलतोय का, हे बघा. आणि तिथल्या लेखांत कविता पूर्ण छापतात का, खाली परवानगीची ओळ असते का, तेही बघा. मी हे अंक वाचले होते, फक्त ती ओळ वाचली नव्हती.

लेख छापतो म्हणून पैसे मागणाऱ्या मेलना उत्तर देऊ नका. आपल्याकडे बढतीच्या घाईत भले भले त्यात अडकतात.

पुस्तकं मिळत नाहीत ही आपली खरी अडचण. आलिकांतेची ‘बिब्लिओतेका व्हिर्तुआल मिगेल दे सेर्व्हांतेस’ आणि स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह, दोन्ही खुले आहेत. पण कविता इंटरनेटवरच्या कुठल्याही पानावरून उचलू नका. ओळी तुटलेल्या असतात, चिन्हं गळलेली असतात. छापील आवृत्ती हातात घेऊन एकेक ओळ ताडून बघा. ती आवृत्ती परवानगीच्या पत्रातही लागणारच आहे.

आडनावं. गार्सिया लोर्का संदर्भसूचीत ‘गार्सिया’खाली येतो, लोर्काखाली नाही. गार्सिया मार्केसचंही तसंच. सूची आपोआप लावणारं सॉफ्टवेअर हे हमखास चुकवतं. एनवरची नागमोडी रेघ आणि स्वरांवरचे आघात शोधून शोधून तपासा, एका रेघेने शब्दाचा अर्थ बदलतो.

नाव काढणं. लेख कुणाचा ते परीक्षकांना कळू नये म्हणून. पहिल्या पानावरून सगळेच काढतात. फाइलच्या गुणधर्मांत, समासातल्या जुन्या शेऱ्यांत, आभाराच्या टिपेत राहतं ते बघा. ‘मी अन्यत्र म्हटल्याप्रमाणे’ हे वाक्य बदला. मराठीतून पाझवर लिहिणारे आपण मोजके लोक, स्वतःच्या चार लेखांचे हवाले दिलेत तर नाव न लिहिताही ओळखू याल. परवानगीचं पत्र तुमच्या नावावर असतं, ते लेखाच्या फाइलला जोडू नका. आलंय एवढं संपादकांना वेगळ्या पत्रात कळवा. अजून यायचं असेल तर तसं लिहा. लपवू नका.

पाठवल्यावर महिनोन्महिने काही कळत नाही. पोच आली ना, मग थांबा. सहा महिन्यांनी नम्र चौकशी करायला हरकत नाही, मात्र ऑगस्टमध्ये स्पेनला लिहू नका, सगळे सुट्टीवर असतात. परवानगी मागायलाही ऑगस्ट वाया जातो, हे धरूनच तारखा ठरवा.

परीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस काही लिहू नका. मग प्रत्येक शेऱ्यापुढे काय केलं आणि काय केलं नाही, ते कारणासकट लिहा. दोघा परीक्षकांचं म्हणणं परस्परविरोधी असेल तर संपादकांना विचारा. दुरुस्तीत नवी उद्धरणं आली असतील तर त्यांचीही परवानगी. हो, पुन्हा.

प्रूफं दोन-तीन दिवसांत मागतात. आघात, ओळींची तोड, पानांचे आकडे, करारातलं कलम, सगळं तपासा. आणि पहिल्या टिपेत हक्कधारकाने दिलेली श्रेयाची ओळ, त्याने लिहून पाठवली होती अगदी तशीच, शब्दन् शब्द.