रिपोर्टपासून उलटं चालत जा: टेस्टिंग लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या लॅबमध्ये रुजू झालात की आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ ची, म्हणजे चाचणी आणि कॅलिब्रेशन लॅबच्या सक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, प्रत हातात पडते. कलम ४ ते ८ पाठ करत बसण्याआधी गेल्या महिन्यातला एक रिपोर्ट उचला आणि तिथून मागे मागे जा. एनएबीएलचे (लॅबना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) असेसरही बहुतेक वेळा असंच तपासतात.

काँक्रीट क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला दाबून फोडतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, रिपोर्ट घेऊ. आधी स्कोप, म्हणजे लॅबला मान्यता मिळालेल्या चाचण्यांची यादी, पाहा. मान्यता चाचणीनिहाय असते. स्कोपबाहेरच्या चाचणीच्या रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह छापलं तर ती गंभीर चूक आहे.

मग मशीन. एम २० चा (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकद अपेक्षित असलेलं काँक्रीट) १५० मिमी क्यूब सात दिवसांनी ३०० किलोन्यूटनच्या आसपास फुटू शकतो. २००० किलोन्यूटनच्या मशीनचं कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणं) ४०० पासूनच केलेलं असेल, तर त्या आकड्याला आधार उरत नाही. सर्टिफिकेटची तारीख सगळे बघतात, रेंज फार थोडे बघतात. भार चढवण्याचा वेग आयएस ५१६ या काँक्रीट चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे या क्यूबला सेकंदाला ५.२५ किलोन्यूटन. घाईत वेग वाढवला की ताकद खोटी जास्त दिसते.

आणखी मागे गेलात की क्युरिंगची टाकी, म्हणजे फोडण्याआधी क्यूब पाण्यात ठेवतात ती. पाणी २७ ± २ अंश हवं. पुण्यात जानेवारीच्या रात्री टाकी गार पडते, सिमेंटचं हायड्रेशन (पाण्याशी होणारी, ताकद देणारी प्रक्रिया) मंदावतं आणि चांगलं काँक्रीटही नापास होऊ शकतं. हीटरबरोबर पाणी फिरवणारा छोटा पंप लावा, नाहीतर वर कोमट आणि तळाशी गार. थर्मामीटरचं करेक्शन (वाचलेल्या आकड्यात करायची दुरुस्ती) सर्टिफिकेटवरच राहून जातं, हा नेहमीचा घोटाळा: तो ०.८ अंश जास्त दाखवत असेल, तर वाचलेले २५.४ खरे २४.६ असतात, म्हणजे मर्यादेबाहेर. रजिस्टरमध्ये महिनाभर रोज २७.० दिसलं तर कुणीही शंका घेईल, आणि घ्यायलाच हवी.

नोंद काम करतानाच करा, कागदाच्या चिठ्ठीवरून संध्याकाळी उतरवू नका. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नको. मूळ आकडा वाचता आला पाहिजे.

प्रोफिशिअन्सी टेस्टिंगमध्ये, म्हणजे अनेक लॅबना सारखेच नमुने देऊन निकाल ताडून पाहतात त्यात, झेड-स्कोअर (आपला निकाल ठरलेल्या मूल्यापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) २ पर्यंत समाधानकारक, २ ते ३ मध्ये शंकास्पद, ३ किंवा पुढे असमाधानकारक, चिन्ह अधिक असो वा उणे. २.६ आला तरी फाईल बंद करू नका. ‘कर्मचाऱ्याला समज दिली’ हे मूळ कारण ठरत नाही. वेग कुणी मोजतच नव्हतं असं निघालं, तर वर्कशीटमध्ये वेगाचा रकाना वाढवा, पुढचे काही क्यूब दुसऱ्या व्यक्तीसमोर फोडा, आणि त्याआधी गेलेल्या रिपोर्टांपैकी कोणते परत मागवावे लागतील ते त्याच दिवशी तपासा.